आधीच जाहीर

धुक्यातून आरपार बघणारा कॅमेरा बनवण्यासाठी तिनं नोकरीवर पाणी सोडलं होतं आणि बाहेर कुणाला वाससुद्धा लागू दिला नव्हता. आज पेटंटची सुनावणी होती.

“अर्ज करण्याआधीच तुमचा शोध इंटरनेटवर जाहीर झालाय, मॅडम. आता पेटंट मिळणं शक्य नाही,” अधिकारी म्हणाले.

ती खुर्चीतून ताडकन उठली. “चोरलाय मेल्यानं! कोण आहे तो? सोडणार नाही मी त्याला!”

अधिकाऱ्यांनी व्हिडिओ लावला. तिच्याच घरातलं न्हाणीघर वाफेनं भरलं होतं आणि तिचा कॅमेरा वाफेपलीकडची बादली लख्ख दाखवत होता.

 

 

व्हिडिओत मागून बाबांचा भरून आलेला आवाज येत होता, “बघा रे सगळ्यांनी, माझ्या लेकीनं काय करून दाखवलंय!”