आत्याच्या पोटातलं नाव

शेणवे गावात आज भाचीचं बारसं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून नम्रता ते गुपित पोटात ठेवून मिरवत होती.

पाहुण्यांसाठी तिने मोबाइलवर छोटी साइट बनवून नाव ओळखायचा खेळ केला होता. नाव टाकायचं, साइटच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, ते असलं तर 'आहे', नसलं तर 'नाही'.

साठवण अजून रिकामीच होती. तिने गमतीने 'रंगू' टाकलं. नाही. मग ते गुपित नाव टाकलं.

आहे.

सगळं पुसून पुन्हा टाकलं. आहे.

"वयनी, मी झोपेत नाव बरळले का काय?"

"नाय गो! बरळली असतीस तर आमी गावभर केलं असतं!" आतल्या खोलीत बाळाला पाजता पाजता माधुरीवयनी हसली.

नम्रताने हसतच मनातल्या मनात नवं नाव ठरवलं. बोट लावण्याआधीच उत्तर उमटलं: आहे.

आणि फुलांनी सजवलेल्या रिकाम्या पाळण्यातून कुणीतरी त्या नव्या नावाला लाडात ओ दिली.