कपाचा कान

"फुटक्या कपात चहा आम्ही कोणालेच नाही देला व!" पहिल्या रांगेत शकुबाई शेजारणीजवळ कुरकुरल्या. सौंसरच्या सभागृहात माझा एकपात्री प्रयोग सुरू होता, माझी माय त्यांच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करायची त्या दिवसांचा. कान तुटलेला कप हाती धरला की प्रेक्षक डोळे पुसायचे. तो कान मीच तोडलेला. दुःख शेवटच्या रांगेतूनही दिसायला नको? पण आज खोटं रेटायचं नव्हतं, गप्पही बसायचं नव्हतं. मी कप खाली ठेवला. "खरं हाय, काकी. तुमचा कप चांगला होता, लाल फुलांचा. पण माय तो धुऊन कुठं ठेवे, तुम्हीच सांगा." त्यांचा मुलगा दंड धरून त्यांना उठवू लागला. शकुबाईंनी हात झटकला. "सांगून राहिली ना मी!" मग म्हणाल्या, "गोठ्यात. तुमच्या जातीचा कप आम्ही घरात घेत नव्हतो."