रिकाम्या खुर्चीचा हुंकार

आमच्या नातीला बोलायची रीतच नाही. शाळेत कॉम्प्युटर विषय घेतलाय, आणि मला म्हणते, "आजी, समोर बस ना. बाईंनी सांगितलंय, प्रोग्राम चालत नसेल तर ज्याला त्यातलं काही कळत नाही, अशा माणसाला एकेक ओळ मोठ्यानं समजावून सांगा. चूक आपोआप सापडते."

म्हणजे घरातला दगड मीच! उद्या प्रोग्राम चालला नाही तर तिला तो विषय सोडावा लागणार होता, तरी मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले.

मग ती समोरच्या रिकाम्या खुर्चीलाच सांगू लागली. मी मटार सोलत ऐकत होते. ती एक ओळ सांगे, थांबे, आणि कुणीतरी "हं" म्हणे. गोष्ट ऐकणारा देतो तसा हुंकार. वाटलं, सून आली कामावरून.

एका ओळीला हुंकार आला नाही. पोर अडखळली, तीच ओळ पुन्हा वाचली आणि ओरडली, "सापडली!"

धावत येऊन गळ्यात पडली. "रुसलीस तरी इथून हुंकार देत होतीस ना? तू गप्प झालीस तिथंच चूक होती!"

मी तर तोंडाला कुलूप लावून बसले होते. सुनेच्या चपला दारात नव्हत्या.

तिच्या खोलीत जाऊन खुर्चीवर हात ठेवला. गादी उबदार होती, आणि कुणी नुकतंच उठल्यासारखी हाताखाली हळूहळू वर येत होती.

नातीला जवळ ओढून म्हटलं, "विषय सोडायचा नाही. पण यापुढे अडाणी माणूस लागलं तर मलाच हाक मारायची. दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही."