यादीतलं शेवटचं घर

पूर ओसरून आठ दिवस झाले होते. ज्यांचं माणूस वाहून गेलं त्यांच्या घरी जाऊन नुसतं बसायचं, एवढंच आम्हा श्रीरामपूरच्या चर्चमधल्या लोकांचं काम. धान्य-कपडे वाटणारे वेगळे. नदीकाठच्या त्या गावात यादी घेऊन तिथलाच रामहरी माझ्यासोबत फिरत होता.

पहिल्याच घरातून उठताना माझ्या तोंडून सवयीनं "येते हं" निघून गेलं. त्या घरच्या म्हातारीनं हंबरडाच फोडला.

रामहरीनं मला बाहेर आणलं. "बाई, दुखवट्याच्या घरातनं निघताना 'येते' म्हनत न्हाईत. अन् घरचं मानूसबी तुमाला 'या' म्हननार न्हाई. आपनच आत जायाचं, बसायचं."

एवढं साधं मला कळायला हवं होतं.

दिवसभर तो प्रत्येक दाराशी थांबून कोण गेलं ते आधी सांगायचा. मग आत जाऊन कुणाला पाणी पाजायचा, कुणाचा हात धरून बसायचा. पाचव्या घरानंतर मीच म्हटलं, "दादा, सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. आता घरी जा."

"यादीत अजून एक हाय," म्हणत तो पुढं चालू लागला.

"तिथं कोण गेलं?"

त्यानं यादीची घडी करून खिशात घातली.

शेवटच्या घराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. दाराला कुलूप होतं. रामहरीनं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाजूला सरून उभा राहिला.

 

"या" म्हणाला नाही.