चार नंबरची प्रेस
पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अश्लेषा नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक यंत्राचं कामाचं कॅलेंडर भरत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा, म्हणजे आयुधपूजा; त्या दिवशी तिनं यंत्रं आणि कामगार सगळ्यांनाच सुट्टी टाकली. मागे उभा असलेला ऑपरेटर महांतेश म्हणाला, "चार नंबरच्या प्रेसची सुट्टी रद्द करा, अक्का." "अहो, पूजेच्या दिवशी यंत्र चालवतं का कुणी?" "गेल्या वर्षी तिनं माझ्या भावाचा जीव घेतला. तिला मी कुंकू लावणार नाही आणि विश्रांतीही देणार नाही. साहेब हो म्हणालेत." अश्लेषानं प्रेसची सुट्टी रद्द केली. पडद्यावर लाल इशारा आला: यंत्र चालू, कामगार नाही. "मग माझीही सुट्टी रद्द करा," तो म्हणाला. पूजेदिवशी सकाळी बाकीची यंत्रं हळदीकुंकू लावून गप्प उभी होती. एकटी चार नंबरची प्रेस धडधडत होती. तिच्यासाठी आलेली झेंडूची माळ महांतेशनं शेजारच्या खुंटीवर टांगलेल्या भावाच्या हेल्मेटला घातली होती.