तिरफळं

बांगड्याच्या तिखल्यात वासासाठी घालतात तशीच चार तिरफळं शेवंतीने ठेचून बटाट्याच्या रश्श्यात टाकली. नवऱ्याने महाराजांना शब्द देऊन घर शाकाहारी केलं, मासळीचं मडकं स्वतःच्या हाताने फोडलं, त्याला तीन महिने झाले होते. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पहिल्या घासाला तो थबकला. मग मान खाली घालून जेवत सुटला. दोनदा भात मागितला. आणि त्याची बोटं सवयीने फोडीतला काटा चाचपू लागली.

"अहो, बटाट्याला कुठला काटा?" तिला हसूच फुटलं.

तो हसला नाही. ताट चाटूनपुसून साफ केलं, हात धुतला, धुतलेली बोटं हळूच नाकाशी नेली.

"उद्यापासून तिरफळंही नकोत घरात," तो म्हणाला.