त्याले ओ देऊ नोको

डोणगावच्या सरस्वतीबाईंनी भर दुपारी आपला कॉम्प्युटर चिखलीला प्रेमच्या दुकानात आणून टेकवला. तो चालू होत नव्हता, नुसता वाजायचा.

"वाजलं तं वाजू दे भाऊ," जाता जाता बाई म्हणाल्या, "पण त्याले ओ देऊ नोको."

प्रेमला हसूच आलं. रॅम सैल झाली की कॉम्प्युटर बीप देतो, हे त्याला पाठ होतं. त्याने डबा उघडला, रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबरने घासली आणि परत बसवली. बटण दाबलं. बीप आला. जरा थांबून पुन्हा आला, दारातून कुणीतरी हाक मारून वाट पाहावी तसा.

त्याने आतल्या स्पीकरची वायर उपसली. तरी बीप आलाच. वैतागून त्याने भिंतीतली पिनच ओढली. आतला पंखा फिरत फिरत थांबला, दिवा विझला.

तो टेबलाखाली वाकून वायर गुंडाळत होता, तेवढ्यात डोक्यावर पुन्हा बीप झाला. गिऱ्हाइकाच्या हाकेला मान वर न करताच उत्तर द्यायची त्याची सवय. तोंडून निघून गेलं, "हो, आलो!"

मग मात्र तो वाजला नाही.

प्रेम डब्याचे स्क्रू आवळत होता, तेव्हा मोबाइल वाजला. घरून त्याची आई गोजरबाई बोलत होती.

"काऊन बे प्रेम, घरात आला अन् लेकराच्या खोलीची कडी आतून लावून घेतली? मी हाका मारून राह्यली, ओ तं दे!"